पासवर्डवर पीएच.डी.? संशोधनाचा परिणाम कसा मोजतात



गेल्या दिवाळीच्या फराळाला आमच्या टेबलावर एक गमतीदार संवाद झाला. एका मैत्रिणीची मुलगी इथे लंडनला कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करते. पुण्याहून आलेल्या तिच्या आजींनी विचारलं, "कशावर गं करतेस?" ती म्हणाली, "माणसं रोजच्या आयुष्यात पासवर्ड कसे वापरतात, यावर." आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं. पण त्याचा कुणाला काही उपयोग?" सगळे हसले. मुलगीही हसली. नंतर चहा घेताना मात्र मला म्हणाली, "मावशी, आजीने विचारला तोच प्रश्न मला युनिव्हर्सिटीसुद्धा विचारते. फक्त फॉर्म भरून घेते."

मी स्वतः संशोधक नाही. पण एका हॉस्पिटलच्या आयटी हेल्पडेस्कवर मी नऊ वर्षं काढली आहेत. दर सोमवारी सकाळी आणि बँक हॉलिडेच्या दुसऱ्या दिवशी फोनची रांग लागायची आणि त्यातले निम्मे फोन "पासवर्ड विसरले" एवढ्याचसाठी असायचे. त्यामुळे आजींचा प्रश्न मनात घर करून राहिला. त्यावर जे वाचलं, विचारलं आणि समजलं ते इथे मांडते आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुलं आता संशोधनाकडे वळत आहेत. त्यांच्या आई-बाबांना आणि आजी-आजोबांना याचा उपयोग व्हावा.

हे संशोधन म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरची सुरक्षितता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अवघड गणित, कुलूपबंद सर्व्हर, हॅकर वगैरे येतं. पण या विषयाची एक शाखा फक्त माणसांकडे पाहते. पासवर्ड कुठे लिहून ठेवतात, बँकेच्या नावाने आलेली खोटी ईमेल का उघडतात, 'हे सुरक्षित नाही' अशी सूचना दिसली तरी पुढे का जातात, असले प्रश्न. यात कॉम्प्युटरइतकंच मानसशास्त्र लागतं.

या शाखेचं एक मूळ इथे लंडनमध्येच आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, म्हणजे आपलं यूसीएल, इथे १९९० पासून अँजेला सासे शिकवत होत्या. मूळच्या जर्मन. कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्राचं शिक्षण शेफील्डला आणि कॉम्प्युटरची पीएच.डी. बर्मिंगहॅमला. त्यांच्या कामाची सुरुवात एका अगदी व्यवहारी अडचणीतून झाली. बीटी या टेलिफोन कंपनीत पासवर्ड विसरलेल्या नोकरांना नवा पासवर्ड देण्याचा हेल्पडेस्कचा खर्च वाढत चालला होता. का, ते शोधायचं होतं. (हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोमवारच्या रांगेची आठवण झालीच!)

अ‍ॅन अ‍ॅडम्स ही त्यांची विद्यार्थिनी आणि त्या स्वतः, अशा दोघींनी एक प्रश्नावली पाठवली. तिला १३९ उत्तरं आली. मग ३० जणांना समोर बसवून सविस्तर बोलतं केलं. डिसेंबर १९९९ मध्ये शोधनिबंध छापून आला. त्याच्या नावाचा अर्थ होता, 'वापरणारे हे शत्रू नव्हेत'.

त्या काळी आयटी खात्यांची ठाम समजूत अशी की लोक आळशी आणि बेफिकीर असतात म्हणून नियम मोडतात. या दोघींना वेगळंच दिसलं. एकेका माणसाला इतके पासवर्ड दिलेले आणि ते सारखे बदलायला लावलेले, की लक्षात ठेवणं शक्यच नव्हतं. मग लोक नावापुढे १, २, ३ असे आकडे लावत जायचे किंवा कागदावर लिहून ठेवायचे. धोका नेमका कशाचा आहे हे त्यांना कुणी समजावूनही सांगितलं नव्हतं. म्हणजे दोष नियमांचा होता आणि बोलणी माणसं खात होती.

पहिली फूटपट्टी: उल्लेख मोजणे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा संशोधनाचं वजन किती?

सगळ्यात जुनी आणि सोपी रीत म्हणजे सायटेशन. दुसऱ्या संशोधकांनी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा किती वेळा उल्लेख केला ते मोजायचं. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत याची पहिली मोठी सूची काढली. २००४ मध्ये गूगल स्कॉलर आलं आणि हा आकडा घरबसल्या कुणालाही दिसू लागला. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचवला. नाव भारदस्त आहे, हिशेब शाळकरी. समजा एखाद्या संशोधिकेचे सहा निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि १ आहेत. निदान चार उल्लेख असलेले निदान चार निबंध तिच्याकडे आहेत, पण निदान पाच उल्लेख असलेले पाच निबंध नाहीत. म्हणून तिचा एच-इंडेक्स ४.

हा आकडा कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहू शकतो. त्यामुळे पंचवीस वर्षं काम केलेल्या प्राध्यापकाशी पीएच.डी.च्या मुलीची तुलना करणं म्हणजे आजोबांच्या आणि नातवाच्या पासबुकाची तुलना करण्यासारखं आहे. शिवाय कॉम्प्युटर सायन्समध्ये महत्त्वाचे निबंध बऱ्याचदा मासिकांत नव्हे तर परिषदांत सादर होतात. या विषयाची खास परिषद 'सूप्स' २००५ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लॉरी क्रेनर यांच्या पुढाकाराने सुरू झाली. फक्त मासिकांच्या दर्जावरून माणूस जोखणाऱ्या समितीला अशा परिषदेतलं काम दिसतच नाही. एकाच व्यक्तीचा आकडा वेगवेगळ्या सूचींमध्ये वेगवेगळा येतो तो यामुळेही. तेव्हा मुलाने आकडा सांगितला तर "कुठल्या सूचीतला?" असं विचारायला हरकत नाही.

'शत्रू नव्हेत' या निबंधाचे उल्लेख दोन हजारांच्या वर गेलेले आहेत. ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यातून एवढंच कळतं की संशोधकांनी तो वाचला (निदान नाव तरी लिहिलं). आमच्या हेल्पडेस्कवरच्या नर्सला त्यातून काय मिळालं, ते नाही कळत.

दुसरी फूटपट्टी: सरकारी फॉर्म

ब्रिटनमध्ये यावर एक सरकारी उत्तर काढलं गेलं. विद्यापीठांच्या संशोधनाची तपासणी इथे १९८६ पासून होते. २०१४ मध्ये तिचं 'रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क', म्हणजे आरईएफ, झालं आणि पहिल्यांदाच 'इम्पॅक्ट' या गोष्टीला गुण ठेवले गेले. एकूण गुणांपैकी २० टक्के. २०२१ च्या फेरीत ते २५ टक्के झाले. विद्यापीठांना दरवर्षी मिळणाऱ्या सुमारे दोन अब्ज पौंडांची वाटणी या निकालावर ठरते, म्हणून सगळे जण हे फार मनावर घेतात.

यात इम्पॅक्ट म्हणजे विद्यापीठाच्या भिंतींबाहेर झालेला परिणाम. अर्थव्यवस्था, समाज, सरकारी धोरण, आरोग्य, राहणीमान यांत काय बदललं? ते थोडक्या पानांत गोष्टीसारखं लिहायचं, पुरावे जोडायचे, आणि परीक्षक दोन गोष्टी पाहतात: परिणाम किती दूरवर पोचला आणि किती खोलवर झाला. २०१४ ला अशा ६,९७५ कहाण्या आल्या. किंग्ज कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांतल्या बहुतेकांचं विश्लेषण केलं तेव्हा संशोधनापासून परिणामापर्यंत जाण्याच्या ३,७०९ निरनिराळ्या वाटा सापडल्या. म्हणजे ठरलेली वाट अशी नाहीच.

कल्पना चांगली आहे. पण फॉर्म म्हटला की तारखा आल्या, आणि तारखांमुळे काय होतं ते पाहा.

सप्टेंबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेच्या सीईएसजी नावाच्या शाखेने पासवर्डविषयी नवं मार्गदर्शन काढलं. त्याचा रोख असा: लोकांवरचं ओझं कमी करा, दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका, त्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो. १९९९ च्या निबंधाचा सूर सोळा वर्षांनी सरकारी कागदावर उमटला. हे आपोआप झालं नाही. २०१२ मध्ये जीसीएचक्यूच्या सहभागाने सायबर सुरक्षेच्या शास्त्रासाठी एक संशोधन संस्था स्थापन झाली, ती यूसीएलमध्ये होती आणि २०१७ पर्यंत तिच्या प्रमुख अँजेला सासेच होत्या. संशोधक आणि नियम लिहिणारे एकाच टेबलाशी बसत होते.

आता आरईएफच्या चौकटीत हे बसवून बघा. २०१४ च्या फेरीत १९९३ पासूनचं संशोधन चालत होतं, पण परिणाम जुलै २०१३ च्या आत घडलेला हवा होता. म्हणजे निबंध चालला असता, मार्गदर्शन मात्र अजून यायचं होतं. २०२१ च्या फेरीत ऑगस्ट २०१३ नंतरचा परिणाम चालत होता, पण संशोधन २००० च्या जानेवारीपासून पुढचं हवं होतं. म्हणजे मार्गदर्शन चाललं असतं, पण १९९९ च्या डिसेंबरात छापलेला निबंध एका महिन्याने हुकला! अर्थात त्यांचं पुढचं बरंच काम या मुदतीत बसतं, त्यामुळे कहाणी लिहायला अडचण नाही. पण जिथून सगळं सुरू झालं ते पहिलं पाऊल या दोन फेऱ्यांच्या फटीत पडतं.

आणखी एक. २०१८ मध्ये सासे जर्मनीत बोखुमच्या रुर विद्यापीठात गेल्या. आरईएफच्या नियमाने इम्पॅक्टची कहाणी जिथे संशोधन झालं त्या विद्यापीठाकडे राहते, माणसाबरोबर जात नाही. म्हणजे हा फॉर्म विद्यापीठाला मोजतो. संशोधक बाईंना नाही.

श्रेय कुणाचं?

इथे खरी अडचण सुरू होते. 'पासवर्ड सारखे बदलू नका' हे एकाच माणसाचं काम म्हणता येत नाही.

२००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दिनेई फ्लोरेन्सिओ आणि कॉर्मॅक हर्ली यांनी सुमारे पाच लाख लोकांच्या ब्राउझरमधून, त्यांच्या संमतीने, तीन महिने माहिती गोळा केली. सरासरी माणसाची २५ खाती निघाली आणि पासवर्ड साधारण साडेसहा. म्हणजे एकच पासवर्ड तीन-चार ठिकाणी. १९९९ ला तीस जणांनी जे तोंडी सांगितलं होतं त्याला आता लाखोंचा आकडा मिळाला. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात बंद झालेल्या हजारो खात्यांचे जुने पासवर्ड तपासले गेले. जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आतच ओळखता येत होता. येणार नाही तर काय, 'गणपती७' चं 'गणपती८' तर होतं!

मग २०१६ मध्ये लॉरी क्रेनर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मुख्य तंत्रज्ञ झाल्या. तिथे गेल्यावर पाहतात तो कमिशनचे स्वतःचेच पासवर्ड दर ६० दिवसांनी बदलावे लागत होते. त्यांनी मार्चमध्ये जाहीर लेख लिहून या प्रथेचा फेरविचार करायला सांगितलं आणि वरचा १७ टक्क्यांचा अभ्यास लोकांसमोर ठेवला. २०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने, निस्टने, आपले नियम बदलले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या शिफारशींतून मुदत संपण्याची अट काढून टाकली.

यात सासेंचं किती, हर्लींचं किती, नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यार्थ्यांचं किती आणि क्रेनर यांचं किती? पुरणपोळीत गुळाचा वाटा किती आणि डाळीचा किती, असं विचारण्यासारखं आहे. माझं वैयक्तिक मत असं की शोध लावणारी आणि तो योग्य खुर्चीत बसून योग्य वेळी सांगणारी, दोघींचंही श्रेय सारखंच. पण फॉर्ममध्ये दुसरीचं सहज सिद्ध होतं, तारखेसकट.

परिणाम मोठा, पण कुठल्या दिशेने?

एक गोष्ट मला वाचताना फार लागली. ते जुने नियम, म्हणजे मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडा, चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी बदल, जगभर पसरले ते मुख्यतः निस्टच्याच एका दस्तऐवजाच्या आधाराने. तो बिल बर यांनी २००३-०४ च्या सुमारास लिहिला. बँका, हॉस्पिटलं, शाळा, सगळ्यांनी तो उचलला. आमच्या हॉस्पिटलातही तेच नियम होते. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या बर यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वर्तमानपत्राला मोकळेपणाने सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. लिहिताना त्यांच्यापाशी खऱ्या पासवर्डांची माहितीच नव्हती. १९८० च्या दशकातल्या जुन्या लेखनावर भिस्त ठेवावी लागली होती.

आता सांगा, परिणाम मोजायचा तर बर यांच्यापेक्षा मोठा परिणाम कुणाचा? कोट्यवधी लोकांची बोटं त्यांच्या नियमांनुसार चालली. आरईएफच्या भाषेत 'दूरवर' आणि 'खोलवर' दोन्हीत अव्वल. पण त्यातून बऱ्याच जागी माणसांचा जीव मेटाकुटीला आला आणि सुरक्षितता काही वाढली नाही. म्हणून नुसतं 'किती जणांनी मानलं' हे माप मला पटत नाही.

असंच पैशाच्या मापाचं. कार्नेगी मेलनच्या संशोधनातून क्रेनर आणि दोन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वॉम्बॅट नावाची कंपनी काढली. खोट्या ईमेल ओळखायला शिकवणारी. या संशोधनात पोन्नुरंगम कुमारगुरू या आपल्या भारतीय विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता. ते पुढे दिल्ली आणि हैदराबादच्या ट्रिपल-आयटीत प्राध्यापक झाले. २०१८ मध्ये ही कंपनी २२.५ कोटी डॉलरला विकली गेली. अर्थव्यवस्थेवरचा परिणाम म्हणून हा आकडा कुठल्याही फॉर्मवर शोभेल. पण अशा प्रकारचं प्रशिक्षण प्रत्यक्षात कितपत लागू पडतं? २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या एका विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतल्या १९,५०० हून अधिक नोकरांवर आठ महिने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरावीक धाटणीचं प्रशिक्षण घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा सरासरी फक्त १.७ टक्क्यांनी कमी फसले. तो अभ्यास त्या कंपनीची परीक्षा घेण्यासाठी नव्हता, हे स्पष्ट केलं पाहिजे. तरीही विक्रीची किंमत आणि माणसाच्या वागण्यातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं त्यातून दिसतं.

वागणं मोजणंच अवघड

मुळात या विषयात मोजमापाची एक जादा पंचाईत आहे. औषधाचा परिणाम रुग्ण बरा झाला की दिसतो. इथे यश म्हणजे चोरी न होणं. जी चोरी झालीच नाही ती मोजायची कशी?

लोकांना विचारावं, तर ते काय करायला हवं ते सांगतात. काय करतात ते नाही. (डॉक्टरांनी "गोड किती खाता?" विचारल्यावर आपण सगळे काय सांगतो, आठवून पाहा.) प्रयोगशाळेत बोलावलं तर आणखी निराळं. २००७ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी लोकांना बँकेच्या साइटवर शिरायला सांगितलं आणि सुरक्षिततेच्या खुणा एकेक करून काढून टाकल्या. त्यांत रचना धमिजाही होत्या. सुरक्षित जोडणीची खूण गायब झाली म्हणून पासवर्ड द्यायला एकही जण थांबला नाही. त्या वेळी काही बँका 'आपलं ओळखीचं चित्र दिसलं तरच पुढे जा' अशी सोय देत. ते चित्र काढून टाकल्यावरही, स्वतःचं खरं खातं वापरणाऱ्या २५ जणांपैकी २३ जणांनी पासवर्ड दिलाच. दुसऱ्याच्या नावाचं नाटक करायला सांगितलेले लोक त्याहून बेफिकीर वागले. म्हणजे प्रयोगातला माणूस आणि घरातला माणूस एक नाही. म्हणून या विषयात चांगलं काम करणारे रोजनिशी लिहून घेतात, लॉग तपासतात, कामाच्या जागी जाऊन बसतात. त्याला वर्षं लागतात आणि निबंध कमी निघतात. एच-इंडेक्सला हे मानवत नाही!

मला सगळ्यात पटलेलं माप मिनिटांचं आहे. कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये एक साधा हिशेब मांडला. अमेरिकेत त्या वेळी इंटरनेट वापरणारे सुमारे १८ कोटी प्रौढ. त्यांच्या तासाची किंमत किमान वेतनाच्या दुप्पट, म्हणजे साडेचौदा डॉलर धरा. सुरक्षिततेच्या एखाद्या सल्ल्यासाठी प्रत्येकाने रोज एकच मिनिट घालवलं तर वर्षाला सुमारे १६ अब्ज डॉलरचा वेळ जातो. आणि खोट्या ईमेलमुळे लोकांचं थेट नुकसान त्यांच्या अंदाजाने वर्षाला ६ कोटी डॉलर. म्हणजे सल्ला धुडकावणारा माणूस मूर्ख नव्हता, त्याचा हिशेब आपल्यापेक्षा बरोबर होता. आज फसवणुकीच्या रकमा कितीतरी मोठ्या आहेत, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे धरू नयेत. रीत मात्र टिकलेली आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, सासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरदारांशी बोलून हीच गोष्ट माणसाच्या बाजूने मांडली होती. प्रत्येकाकडे नियम पाळण्याच्या सहनशक्तीचं एक ठरावीक पाकीट असतं. ते फालतू नियमांवर रिकामं केलं की महत्त्वाच्या नियमाला काही उरत नाही. त्यांनी याला 'कंप्लायन्स बजेट' म्हटलं. आमच्याकडे वॉर्डमध्ये सहा वेळा लॉगिन करून थकलेली नर्स सातव्या वेळी शेजारणीच्याच खात्यावर काम उरकायची, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा मी तिच्यावर चिडायचे. आज वाटतं, चिडायला दुसरा पत्ता होता.

तेव्हा कुणी मला विचारलं की अशा संशोधिकेचा परिणाम कसा मोजावा, तर मी म्हणेन की तिच्यामुळे लोकांना काय करावं लागत *नाही* ते बघा. हेल्पडेस्कचे किती फोन थांबले? किती मिनिटं परत मिळाली? चूक झाल्यावर आधी माणसाला धारेवर धरलं जातं की आधी यंत्रणा तपासली जाते? पहिल्या दोन गोष्टींचे आकडे प्रत्येक आयटी खात्याकडे पडून असतात. मागायला कुणी जात नाही. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलीला मी तेच सुचवलं: नियम बदलायच्या आधीचा आणि नंतरचा फोनचा आकडा आत्ताच मागून ठेव, पाच वर्षांनी मिळणार नाही. आकड्यांच्या अशा गैरवापराविरुद्ध २०१२ चा सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा आणि २०१५ चा लायडनचा जाहीरनामा हे दोन दस्तऐवज आहेत. नेमणुकीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलांनी ते चाळून जावेत, बऱ्याच विद्यापीठांनी पहिल्यावर सह्या केल्या आहेत.

घरी काय बदललं?

शेवटी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत काय पोचलं ते सांगते, कारण आजींचा प्रश्न तिथलाच होता.

ब्रिटनच्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरचा आजचा सल्ला असा की एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द जोडून पासवर्ड करा. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालतात: परात, मांजर, बोगदा. (हे तीन कृपया वापरू नका, आता ते सगळ्या मंडळाला माहीत झाले!) ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू द्यायला हरकत नाही. वहीत लिहून ती घरात नीट जागी ठेवली तरी चालते, फक्त कॉम्प्युटरला चिकटवू नका. ईमेलचा पासवर्ड मात्र बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा हवा आणि त्यावर दुहेरी पडताळणी चालू करा. २९ एप्रिल २०२४ पासून इथे विकल्या जाणाऱ्या कॅमेरा, स्पीकर अशा इंटरनेटच्या वस्तूंना सगळ्यांचा एकच सोपा पासवर्ड देऊन बाजारात आणणं कायद्याने बंद झालं आहे. म्हणजे काळजी घेण्याचं काम ग्राहकाकडून कारखानदाराकडे सरकलं.

सगळीकडे असं झालेलं नाही. कार्डाच्या व्यवहारांसाठीच्या नियमांत, फक्त पासवर्डवरच भिस्त असेल तर, ९० दिवसांची अट अजून आहे. ठाण्यात माझ्या आईच्या बँकेचीही तशीच काहीतरी अट आहे. दर वेळी तिचा फोन येतो, "अगं, परत नवीन मागतोय बघ." पूर्वी मी तिला ओरडायचे, "आई, वहीत लिहून ठेवतेस का तू? कुणाच्या हाती लागली तर!" आता मी तिला सांगितलं आहे की वही ठेव, कपाटात ठेव, आणि त्यात फोनवर कुणी मागितलेला ओटीपी कधीही सांगायचा नाही एवढं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही. तिने ते लाल पेनाने लिहिलं आहे.

आणि निस्टचं सांगायचं राहिलं. २०१७ च्या त्यांच्या नियमात 'ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये' अशी शिफारस होती. २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत त्या जागी सक्त मनाई आली. इंग्रजीत फक्त एक शब्द बदलला आहे. मैत्रिणीच्या मुलीने तो बदल पिवळ्या रंगाने अधोरेखित करून आजींना पुण्याला पाठवला. आजींचं उत्तर आलं, "म्हणजे आता माझ्या बँकेला कोण सांगणार?"